नामदेवांचा अभंग: अक्षरं मोजावीत कशी, चाल बसवावी कशी

नामदेवांचा अभंग चालीवर म्हणायचा असेल तर पेटी जरा बाजूला ठेवा. आधी कागद घ्या, अभंग स्वच्छ अक्षरात लिहून काढा आणि प्रत्येक चरणाची अक्षरं मोजा. चालीचा निम्मा हिशेब तिथेच होतो. अक्षरं न मोजता बसवलेली चाल पहिल्या कडव्यात छान वाटते आणि तिसऱ्या कडव्यात टाळकऱ्यांच्या हातातून निसटते, कारण तिथे एखादं अक्षर जास्त असतं किंवा एखादं कमी पडतं.

नामदेव कवी होते आणि कीर्तनकारही होते. जन्म १२७० चा, नरसीचा (आताचा हिंगोली जिल्हा). घराणं शिंप्याचं, आयुष्याचा मोठा भाग पंढरपुरात, मग उत्तरेची यात्रा आणि पंजाबात घुमानला दीर्घ मुक्काम. १३५० साली पंढरपुरात समाधी. महाद्वारातली नामदेवांची पायरी सगळ्यांना ठाऊक आहे. चाल बसवणाऱ्याने यातलं एक पक्कं लक्षात ठेवावं: हे शब्द म्हणण्यासाठीच जुळवलेले आहेत. कुठे थांबायचं, कुठे परत फिरायचं, बाकीच्यांनी कुठे उचलायचं, हे सगळं रचनेतच आहे. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात (शिखांच्या धर्मग्रंथात) नामदेवांची ६१ पदं १८ रागांखाली लावलेली आहेत. गौडी, आसा, सोरठ, धनासरी, तोडी, बिलावल, रामकली, भैरव, वसंत, सारंग, मल्हार, प्रभाती हे त्यातलेच. तिथे पदाच्या माथ्यावर राग लिहिलेला असतो आणि पुन्हा पुन्हा म्हणायच्या ओळीपुढे ‘रहाउ’ अशी खूण असते. आपल्या गाथांमध्ये राग सहसा नसतो, पण ‘ध्रु’ ही खूण असते. तिच्याकडे पुढे येऊच.

मोजण्याचे नियम

अभंगात लघु-गुरू (अक्षर ऱ्हस्व की दीर्घ) पाहायचं नाही, फक्त अक्षरं मोजायची. स्वर असलेलं प्रत्येक अक्षर एक. ‘क’ही एक आणि ‘का’ही एक. जोडाक्षर एकच धरायचं: ‘कृष्ण’ दोन, ‘विठ्ठल’ तीन. रफार पुढच्या अक्षरात जातो, म्हणून ‘कीर्तन’ तीन. अनुस्वार मोजायचा नाही. जुन्या छपाईत ‘राजें’, ‘चरणीं’ अशी टिंबं दिसतात, त्यांचाही हिशेबाशी संबंध नाही.

मोठ्या अभंगाचं माप स्वतः नामदेवांनी एका अभंगात सांगून ठेवलं आहे. पहिल्यापासून तिसऱ्या चरणापर्यंत अठरा अक्षरं, शेवट बाविसाव्या अक्षरावर, आणि एकूण चरण साडेतीन. म्हणजे ६, ६, ६ आणि ४. त्याच अभंगाची सुरुवात घेऊन मोजू:

अ भं गा ची क ळा (६)
ना ही मी ने ण त (६)
त्व रा के ली प्री त (६)
के शी रा जे (४)

यमक कुठे आहे बघा. दुसऱ्या चरणाचा शेवट ‘नेणत’, तिसऱ्याचा ‘प्रीत’. चौथ्याला यमक नाही. तिसऱ्या चरणाशी कानाचं समाधान होतं, पण वाक्य अजून अडकलेलं असतं. ते सुटतं चौथ्या, अपुऱ्या चरणात. ‘साडेतीन’ हा शब्द म्हणूनच मोलाचा आहे. चौथा चरण तोकडा ठेवून नामदेवांनी तिथे जागा सोडली आहे. टाळांना, श्वासाला आणि मागच्या लोकांना शिरायला तीच जागा. चाल लावताना ती भरून टाकली तर अभंगाचा जीव गुदमरतो.

लहान अभंगात दोनच चरण, साधारण आठ-आठ अक्षरांचे, आणि दोन्हींना यमक. ‘नाचू कीर्तनाचे रंगी, ज्ञानदीप लावू जगी’ मोजून पाहा, दोन्हीकडे बरोबर आठ भरतात.

सगळे अभंग इतके सरळ नसतात. ‘देह जावो अथवा राहो’ यात नऊ अक्षरं आहेत आणि पुढच्या ‘पांडुरंगी दृढ भावो’ यात आठ. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल, देव विठ्ठल देवपूजा विठ्ठल’ हा तर ५, ५, ५, ७ असा जातो आणि त्यापुढची कडवी वेगळं माप घेतात. तोंडोतोंडी आलेल्या रचनेत हे व्हायचंच. म्हणून पूर्ण अभंग मोजा आणि प्रत्येक चरणासमोर आकडा लिहा. जिथे सहाचे सात किंवा पाच झाले असतील तिथे गोल करा. हे गोल म्हणजे तालमीत अडखळण्याच्या जागा. त्या आधीच कागदावर सापडल्या तर तालमीचा अर्धा वेळ वाचतो.

आणखी एक काळजी. नामदेवांच्या नावावरच्या गाथेत नंतरच्या काळातल्या विष्णुदास नामा या कवीच्याही रचना मिसळलेल्या आहेत. शेवटी ‘विष्णुदास नामा’ अशी मुद्रा (कवीने शेवटच्या कडव्यात गुंफलेलं आपलं नाव) दिसली तर तो अभंग चौदाव्या शतकातल्या नामदेवांचा म्हणून सांगू नका. म्हणायला अर्थातच हरकत नाही.

शेवटचा ‘अ’ गिळू नका

मराठी अभंगाच्या चालीत सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ टाकून देतो. लिहितो ‘प्रीत’, म्हणतो ‘प्रीत्’. लिहितो ‘विठ्ठल’, म्हणतो ‘विठ्ठल्’. बोलण्यात हे बरोबरच आहे. अभंगाच्या हिशेबात मात्र ‘प्रीत’ दोन अक्षरांचा आणि ‘विठ्ठल’ तीन अक्षरांचा आहे. शेवटचं अक्षर हलन्त, म्हणजे ‘अ’शिवाय, म्हटलं की चरणात एक मात्रा (तालाचा एक ठोका) रिकामी पडते. मग म्हणणारा नकळत आधीचं अक्षर ताणतो, टाळ अर्धी मात्रा मागे पडतो आणि पखवाजवाला आपलं काय चुकलं ते शोधत बसतो.

उपाय सोपा आहे. ‘त’ पूर्ण म्हणा आणि त्यातला ‘अ’ थोडा उघडा ठेवा. त्याचा ‘ता’ करायचा नाही. ‘प्रीता’ म्हटलं की अर्थ बिघडतो आणि ऐकायलाही खटकतं. ‘घर’ म्हणताना ‘घ’मध्ये जेवढा ‘अ’ ऐकू येतो, तेवढाच ‘त’मध्ये ठेवायचा आणि सूर त्यावर धरायचा. सराव असा करा: चरण टाळी वाजवत नुसता बोलायचा, दर टाळीला एक अक्षर. ‘ना-ही-मी-ने-ण-त’ याला सहा टाळ्या पडल्या पाहिजेत. पाचच पडल्या तर ‘त’ गिळला गेला. गाण्याआधी सगळ्या मंडळींकडून हे दोनदा करून घ्या. नवीन माणसाला याची लाज वाटते, जुन्याला कंटाळा येतो, तरी करून घ्या.

तालात मांडणी

भजनी ठेका, धुमाळी, केरवा हे तिन्ही आठ मात्रांचे. शिकताना केरवा घ्या, धागे नाती नक धीना, कारण त्यात मोजणी स्वच्छ कळते. एका चरणाला एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, द्यायचं. सहा अक्षरं सहा मात्रांवर, आणि शेवटच्या अक्षराचा स्वर उरलेल्या दोन मात्रा धरायचा:

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८
अ भं गा ची क ळा ऽ ऽ
ना ही मी ने ण त ऽ ऽ
त्व रा के ली प्री त ऽ ऽ
के शी रा जे ऽ ऽ ऽ ऽ

चौथ्या ओळीत चार मात्रा मोकळ्या राहतात. समूहात म्हणताना त्या तशाच ठेवा, तिथे टाळ खुलतो. एकट्याने संथ लयीत म्हणत असाल तर प्रत्येक अक्षराला दोन मात्रा द्या: के ऽ शी ऽ रा ऽ जे ऽ. दोन्ही रीती बरोबर आहेत. एकाच अभंगात दोन्ही मिसळल्या की लोक चुकतात.

शिकताना मिनिटाला ८० मात्रांची लय पुरे. त्या लयीत एक चरण सहा सेकंदांचा, एक कडवं चोवीस सेकंदांचं आणि सात कडव्यांचा अभंग सरळ म्हटला तर पावणेतीन मिनिटांच्या थोडा वर जातो. प्रत्येक कडवं दोनदा म्हटलं आणि मागून एकदा ध्रुपद (‘ध्रु’ची खूण असलेलं, परत परत म्हणायचं कडवं) घेतलं तर साडेआठ मिनिटांच्या आसपास. कार्यक्रमात वेळ ठरलेली असेल तर हा हिशेब आधी करा. नाहीतर शेवटचं कडवं घाईत उरकावं लागतं, आणि नेमकं तेच नाममुद्रेचं असतं.

लहान अभंगाची अडचण वेगळी. आठ मात्रा आणि आठच अक्षरं, म्हणजे श्वासाला जागाच नाही. तिथे अर्ध्या मात्रेला एक अक्षर घ्यावं. आठ अक्षरं चार मात्रांत संपतात आणि उरलेल्या चारांत सूर धरता येतो किंवा श्वास घेता येतो. यामुळे लहान अभंग आपोआप धावता होतो. नाचायला तोच बरा.

आता गोल केलेल्या जागा. अक्षर जास्त असेल तर एकाच शब्दातली दोन ऱ्हस्व अक्षरं एका मात्रेत घ्या. ‘अथवा’मधले ‘अ’ आणि ‘थ’ एका मात्रेत बसवले की नऊचं माप आठ मात्रांत मावतं. ‘वा’, ‘रा’, ‘हो’ ही दीर्घ अक्षरं कधी दाबू नका, आणि यमकाच्या अक्षराला तर हातच लावायचा नाही. अक्षर कमी असेल तर त्या चरणातलं एखादं दीर्घ अक्षर दोन मात्रा धरा. ‘हो’, ‘रे’, ‘गा’ घालून भरायची रीतही जुनीच आहे, पण वीस जणांनी आपापल्या मनाने ‘हो’ घातला तर गोंगाट होतो. घालायचाच असेल तर कागदावर लिहून सगळ्यांना द्या.

सूर

पहिली चाल पाच स्वरांची करावी. भूप त्यासाठी चांगला: सा रे ग प ध. वरच्याच कडव्याची एक साधी चाल अशी होते:

सा रे ग ग प ग ऽ ऽ
ग प ग रे सा रे ऽ ऽ
ग प ध ध प ग ऽ ऽ
ग रे रे सा ऽ ऽ ऽ ऽ

दुसरा चरण ‘रे’वर सोडला आहे, त्यामुळे पुढे काहीतरी यायचंय हे कानाला कळतं. तिसऱ्या चरणात चाल सगळ्यात वर जाते, कारण यमक तिथे लागतं आणि शब्दांचा ताणही तिथेच असतो. चौथा चरण उतरून ‘सा’वर बसतो. स्वर कुठलेही घ्या, हा चढ-उतार सांभाळला की मोठ्या अभंगाला चाल शोभते. याच्या उलट, चौथ्या चरणात तान घेऊन वर गेलात तर कडवं संपलं असं कोणालाच वाटत नाही आणि टाळकरी हात थांबवून तुमच्याकडे बघतात.

चाल शब्दांना लावण्याआधी नामावर तपासा. ‘राम कृष्ण हरी’ ही बरोबर सहा अक्षरं आहेत आणि ‘पांडुरंग’ ही चार. पहिल्या तीन चरणांच्या जागी ‘राम कृष्ण हरी’ आणि चौथ्याच्या जागी ‘पांडुरंग’ घालून चाल दहा वेळा म्हणा. अर्थाचा भार नसल्यामुळे चालीतली खोट लगेच ऐकू येते. पुढे ‘जय जय’ जोडून प्रत्येक ‘जय’ला एक मात्रा दिली की आठ मात्रा भरतात, आणि त्याच चालीवर भजनाची सुरुवातही करता येते.

मग शब्द घाला आणि शब्द कुठे तुटतो ते ऐका. ‘अभंगाची’ हा चार अक्षरांचा शब्द आहे. ‘अभं’ म्हणून श्वास घेतला तर मागच्या रांगेला ‘गाची कळा’ एवढंच पोचतं. श्वास चरणाच्या शेवटी, सातव्या-आठव्या मात्रेत घ्यायचा. त्याआधी दम संपत असेल तर लय फार संथ आहे, ती वाढवा.

पट्टी, म्हणजे पेटीवर ‘सा’ कुठे धरायचा ते, पुरुषांसाठी काळी १ (पहिली काळी पट्टी). स्त्री-पुरुष एकत्र असतील तरी वरच्या चालीला काळी १ चालते. चाल ‘सा’ ते ‘ध’ एवढ्यातच आहे, त्यामुळे बायका वरच्या सप्तकात आरामात म्हणतात. फक्त बायकांचं भजन असेल तर काळी ४ घ्या. चालीचा पल्ला एका सप्तकाच्या पुढे गेला की समूहातले निम्मे लोक वरच्या सुरांना ओठ नुसते हलवतात. एकट्या गायकासाठी केलेली मैफलीची चाल भजनी मंडळात बसत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

ध्रुपद आणि नाममुद्रा

गाथेत दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ‘ध्रु’ लिहिलेलं असतं. ते कडवं मागच्यांनी धरायचं. पुढचा माणूस नवं कडवं सांगतो आणि बाकीचे परत ध्रुपदावर येतात. अनेक जण पहिल्याच ओळीला मुखडा करून तिच्यावर फिरत राहतात. सुगम संगीतात ते शोभतं. भजनात मात्र एकदा ध्रुपद धरून पाहाच. पहिलं कडवं विषय काढतं आणि दुसरं त्याचं मर्म सांगतं, असं बऱ्याच अभंगांत दिसतं. ते मर्म दर खेपेला समोर येत राहिलं की पुढचं प्रत्येक कडवं त्याच्याशी बोलू लागतं. चाल देताना म्हणून ध्रुपदाचं कडवं थोडं वरच्या स्वरात ठेवा, म्हणजे परत येताना सगळ्यांना पाय रोवायला जागा मिळते.

शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा हा रचनेचा खास बारकावा. ‘नामा म्हणे’ ही चार अक्षरं. पहिल्या चरणाची आणखी दोन शिल्लक राहतात आणि त्या दोनांत पुढचं वाक्य सुरू होतं. ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘सेना म्हणे’ यांचं मापही तेच. ‘एका जनार्दनी’ आणि ‘नामयाची जनी’ मात्र पूर्ण सहा अक्षरं घेतात, तिथे मुद्रा म्हणजेच अख्खा चरण. म्हणण्यात याने फरक पडतो. ‘नामयाची जनी’ म्हणून तुम्ही सातव्या-आठव्या मात्रेत निवांत थांबू शकता. ‘नामा म्हणे’नंतर थांबलात तर उरलेली दोन अक्षरं पोरकी होतात. चौथ्या मात्रेवर न थांबता सहाव्यापर्यंत जायचं आणि मग सूर धरायचा. मुद्रेवर भाव आणायचा म्हणून तिथेच लय सोडणारे पुष्कळ असतात. तसं वाटत असेल तर सगळं कडवं आधी एकदा तालाशिवाय, मोकळं म्हणा आणि मग तालात घ्या.

वीणा, टाळ, पखवाज

विणेकरी उभा असतो आणि ‘सा’ सतत चालू ठेवतो. त्याने लयीच्या मागे धावायचं नाही. वीणा त्या दिवशीच्या पट्टीला लावली आहे ना, एवढं भजन सुरू होण्याआधी पेटीवर बघा.

टाळ समोरासमोर सपाट आपटले की मधली हवा कोंडून आवाज बद्द येतो. कडा किंचित सरकवून मारा, मग तो खणखणतो. मोकळ्या मात्रांत टाळ खुला ठेवा आणि शब्द चालू असताना बोटाने थोडा दाबा. नाहीतर पंधरा टाळांच्या आवाजात अक्षरं बुडतात, आणि अक्षरांसाठीच तर एवढा खटाटोप केला. लय वाढते तीही बहुतेक वेळा टाळांमुळेच, दर आवर्तनाला नकळत थोडीथोडी. एक जाणता टाळकरी पखवाजाशेजारी बसवा आणि बाकीच्यांनी त्याच्या हाताकडे बघावं.

पखवाजाचं उजवं तोंड पट्टीच्या ‘सा’ला लावायचं. गठ्ठा (बाजूचा लाकडी ठोकळा) हातोडीने खाली सरकवला की वादी (चामड्याची दोरी) ताणली जाते आणि सूर चढतो. एकाच गठ्ठ्यावर जोर काढू नका. समोरासमोरचे गठ्ठे थोडे थोडे ठोका आणि दर वेळी काठावर थाप मारून सूर ऐका. पावसाळ्यात कातडं सैल पडून सूर उतरतो, कोरड्या उन्हात चढतो. म्हणून वाद्य भजनाच्या जागी आणून थोडा वेळ ठेवावं आणि मगच लावावं.

डाव्या तोंडाला गव्हाची कणीक. ती पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल मळावी. घट्ट झाली तर वाजवताना भेगा पडून सुटते, फार ओली झाली तर पसरते आणि घुमारा जातो. मध्ये जाड आणि कडेला पातळ अशी बोटांनी थापायची. आवाज आणखी खाली हवा असेल तर थोडी वाढवा, वर हवा असेल तर काढा. भजन संपून ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर लागला की लय वाढते (वि ठ्ठ ल ऽ वि ठ्ठ ल ऽ, आठ मात्रा) आणि त्या जोराच्या थापांनी कणीक सैल होते. गजराआधी एकदा दाबून घ्यावी. सगळं झाल्यावर ती ओली असतानाच खरवडून काढा आणि तोंड ओलसर फडक्याने पुसून कोरडं करा. रात्रभर तशीच राहिली तर वाळून कातडं ओढते, आणि तिच्या वासाने किडे येऊन कातडं कुरतडतात.